जुनी विंचेस्टर १८९४ : कारखान्यातले मूळ रूप कसे ओळखावे

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या आणि २१ ऑगस्ट १८९४ रोजी पेटंट मिळालेल्या विंचेस्टर १८९४ या रायफलीचे उत्पादन इतके मोठे झाले की १९२७ मध्येच दहा लाखावी रायफल तयार झाली होती. अमेरिकेत राहणाऱ्या नव्या संग्राहकाच्या हाती पहिली जुनी लिव्हर-ॲक्शन, म्हणजे ट्रिगरखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची, रायफल बहुधा हीच येते, आणि पहिली फसगतही बहुधा हिच्याच बाबतीत होते. शंभर वर्षांच्या वापरात एखादीची नळी बदललेली असते, एखादीचा कुंदा घासून नव्याने पॉलिश केलेला असतो, तर एखादीला पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, दिलेले असते. यातले बरेचसे काम मालकांनी आपल्या सोयीसाठी प्रामाणिकपणे केलेले आहे, पण विकताना ती हकीकत सांगितली जातेच असे नाही. म्हणून रायफल हातात घेतल्यावर काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, ते इथे सविस्तर मांडले आहे. मुख्य उदाहरण १८९४ चे आहे. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे १८७३ आणि १८८६ या मॉडेलांचा उल्लेख केला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रायफलीचे मूळ रूप एखाद्या भागावरून सिद्ध होत नाही. क्रमांक, नळी, शिक्के, झिलई, लाकूड आणि झीज या सगळ्यांनी एकच काळ आणि एकच इतिहास सांगितला पाहिजे. एखादा भाग वेगळे काही सांगू लागला की तिथे थांबून कारण शोधायचे, आणि समाधानकारक कारण सापडेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत.

तपासणीपूर्वी

मालकाची परवानगी घ्या, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, लिव्हर पूर्ण खाली उघडा आणि काडतुसाची खोबण डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही प्रकारे रिकामी असल्याची खात्री करा. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतूस अडकलेले असू शकते, त्यामुळे लिव्हर उघडी असताना आत डोकावून मॅगझिनचा दट्ट्या दिसतो का तेही पाहा. जुन्या रायफलीचा हॅमर, म्हणजे मागचा घोडा, रिकामा आपटू नये. तो अंगठ्याने धरून हळूच उतरवावा. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटा टॉर्च, इंचांची मोजपट्टी आणि नळीत जाईल अशी लाकडी काठी असली की पुरते.

कायद्याचेही भान ठेवावे लागते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली रायफल ‘अँटिक’ या वर्गात मोडते आणि तिच्या खरेदी-विक्रीचे नियम वेगळे आहेत. राज्यांचे कायदे मात्र स्वतंत्रपणे पाहावे लागतात. भारतात कुणाच्या घरी आजोबांच्या काळातली अशी रायफल असेल, तर ती चालू स्थितीत असल्यास कितीही जुनी असली तरी शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो. तिची पाहणी परवानाधारकाच्या उपस्थितीतच करावी आणि खोलायची वेळ आली तर ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच न्यावी.

क्रमांक आणि वर्ष

१८९४ चा अनुक्रमांक रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा असलेल्या मधल्या पोलादी भागाच्या, खालच्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ असतो. १८७३ आणि १८८६ मध्ये तो खालच्या टँगवर, म्हणजे रिसीव्हरपासून मागे कुंद्यात शिरणाऱ्या पोलादी शेपटीवर असतो. क्रमांकावरून वर्ष काढण्यासाठी याद्या मिळतात, पण त्या वापरताना सावध राहावे. संग्राहकांमध्ये अनेक दशके फिरत असलेल्या जुन्या याद्या आणि कारखान्याच्या पॉलिशिंग विभागातल्या नोंदींवर आधारलेल्या याद्या यांत या मॉडेलच्या बाबतीत काही वर्षांचा फरक पडतो. १८९८ ची सीमारेषा ज्या रायफलीच्या अगदी जवळ आहे, तिच्या बाबतीत हा फरक कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो, म्हणून विक्रेत्याने सांगितलेले वर्ष जसेच्या तसे मान्य करू नये.

अंक भिंगाखाली पाहा. मूळ अंकांचे काठ किंचित वर उचललेले आणि तळ स्वच्छ असतो. अंकांभोवतीचा पृष्ठभाग खोलगट झालेला असेल किंवा अंक बाजूच्या धातूपेक्षा ताजे दिसत असतील, तर त्या रायफलीला पुन्हा हात लावू नका. क्रमांकाशी छेडछाड झालेले शस्त्र बाळगणे हा दोन्ही देशांत गंभीर विषय आहे.

प्रकार : रायफल की कार्बाइन

नवख्या माणसाला वाटते त्यापेक्षा ही पायरी सोपी आहे. १८९४ ची प्रमाणित रायफल २६ इंच नळीची असते. नळी गोल, अष्टकोनी किंवा अर्धी अष्टकोनी आणि पुढे गोल असू शकते. पुढच्या लाकडाच्या टोकाला पोलादी टोपी असते आणि कुंद्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखी खोल वळणाची पट्टी असते. कार्बाइनची नळी २० इंच आणि गोल असते, नळी आणि मॅगझिन यांना बांधणारे दोन पट्टे असतात आणि जुन्या कार्बाइनच्या रिसीव्हरच्या डाव्या बाजूला खोगिराला अडकवायची कडी असते. १९२५ च्या सुमारास ही कडी प्रमाणित कार्बाइनवर देणे बंद झाले.

लांबी मोजताना लिव्हर बंद करून काठी नळीच्या तोंडातून बोल्टपर्यंत, म्हणजे नळीचे मागचे टोक बंद करणाऱ्या भागापर्यंत, आत घालावी, तोंडाच्या कडेशी खूण करावी आणि काठी मोजावी. लांबी कमी भरली तर नळी कापलेली असण्याची शक्यता आधी धरा. कापलेल्या नळीत पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, मूळ जागी राहत नाही, नळीच्या तोंडाची गोलाई हाताने केल्यासारखी असमान दिसते आणि मॅगझिनचे टोक, माशी आणि नळीचे तोंड यांच्यातली अंतरे विचित्र वाटू लागतात. १४, १५, १६ किंवा १८ इंच नळीच्या ज्या कार्बाइनना ‘ट्रॅपर’ म्हणतात, त्यांना फार मोठी किंमत येते, आणि म्हणूनच साध्या २० इंची कार्बाइन कापून ट्रॅपर बनवण्याचे काम खूप झाले आहे. कारखान्याच्या नोंदीशिवाय ट्रॅपर विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड नळीचा कायदेशीर दर्जाही कागदपत्रांनी सिद्ध व्हावा लागतो.

मात्र ‘प्रमाणित’ नाही म्हणजे बनावट, असेही समजू नये. विंचेस्टर कंपनी त्या काळी ग्राहकाच्या मागणीप्रमाणे लांब किंवा आखूड नळी, अर्धे मॅगझिन, पिस्तूल-ग्रिपचा कुंदा, जाळीदार कोरीवकाम, उंची प्रतीचे अक्रोडाचे लाकूड, वेगळे साईट (नेम धरायचे साधन) असे बरेच काही पुरवीत असे. त्यामुळे अष्टकोनी नळी आणि अर्ध्या मॅगझिनची रायफल अगदी अस्सल असू शकते. तशी मागणी खरोखर नोंदली गेली होती का, एवढाच प्रश्न उरतो.

नळीवरचे शिक्के

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथे पुरावा कठोर असतो. जुलै १९०५ पासून विंचेस्टरने नळीवर आणि रिसीव्हरवर, त्यांच्या सांध्याजवळ वरच्या बाजूला, लंबवर्तुळात इंग्रजी ‘डब्ल्यू’ आणि ‘पी’ ही अक्षरे असलेला चाचणीचा शिक्का मारायला सुरुवात केली. नव्या रायफलीवर हा शिक्का जोडीने असतो. याचा सरळ अर्थ असा की १९०५ च्या बऱ्याच आधीच्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर शिक्का नाही पण त्याला लावलेल्या नळीवर आहे, तर ती नळी नंतर बसवलेली आहे. दोन्हीवर शिक्का असेल आणि क्रमांक जुना असेल, तर रायफल दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली असण्याची शक्यता मोठी. ही दुसरी स्थिती वाईट नाही. कारखान्याच्या हातची दुरुस्ती हाही तिच्या इतिहासाचा भाग आहे, फक्त किंमत त्याप्रमाणे ठरवावी.

मागे एका शस्त्रप्रदर्शनात मला एक अष्टकोनी नळीची १८९४ दाखवली गेली. विक्रेत्याने ती १९०१ ची आणि अजिबात न उघडलेली असल्याचे सांगितले. क्रमांक त्या काळाला जुळत होता, रिसीव्हरचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरा होता, पण एका बोटाच्या अंतरावर नळीवर तो लंबवर्तुळाकार शिक्का ठळक उमटलेला होता. रिसीव्हरचा रंग तपकिरी होत गेलेला आणि नळी निळी-काळी, असा रंगातला फरकही मग डोळ्यांत भरला. विक्रेत्याचा हेतू वाईट होता असे मला म्हणायचे नाही. त्याने स्वतः कधी त्या दोन पृष्ठभागांकडे एकत्र पाहिलेच नव्हते. टॉर्चचा उजेड तिरका पाडून दोन्ही बाजू एकाच वेळी पाहायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

नळीवरचा कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा, मजकूरही काळाशी जुळला पाहिजे. १८९४ सुरुवातीला ३२-४० आणि ३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली. १८९५ मध्ये धूरविरहित दारूची ३० डब्ल्यूसीएफ, म्हणजे आज ३०-३० म्हणून ओळखले जाणारे काडतूस, आणि २५-३५ आले. ३२ स्पेशल नंतरचे. धूरविरहित दारूचा दाब जास्त असल्यामुळे या काडतुसांसाठी निकेल पोलादाच्या नळ्या वापरल्या गेल्या आणि ‘धूरविरहित दारूसाठी खास निकेल पोलादी नळी’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर नळीच्या मागच्या टोकावर मारला गेला. मजकूर अंधुक असेल तर तो हाताळणीने झिजला की पॉलिशच्या चाकाने, हे ओळखावे लागते. हाताने झिजलेल्या मजकुरात जिथे पकड येते तिथलीच अक्षरे पुसट असतात. चाकाखाली गेलेल्या नळीवर सगळा मजकूर सारखाच उथळ होतो आणि अक्षरांचे काठ वाहून गेल्यासारखे दिसतात.

नळीच्या तोंडाकडे भिंगाने पाहताना आतल्या छिद्राभोवती केसाएवढी बारीक वर्तुळाकार रेघ दिसली, तर नळीत नवी आतली नळी बसवलेली आहे. खराब झालेली रायफल पुन्हा वापरण्याजोगी करण्याची ही जुनी पद्धत आहे, पण तिला मूळ नळी म्हणता येत नाही.

झिलई

जुन्या विंचेस्टरवर सगळीकडे एकच काळा रंग नसतो, आणि नवशिक्याने हे आधी मनात पक्के करावे. नळी आणि मॅगझिनवर सावकाश गंज चढवून आणि खरवडून केलेले ब्लूइंग असते. ते खोल, मऊ, किंचित मंद दिसते. रिसीव्हरचे ब्लूइंग वेगळ्या पद्धतीचे आणि जास्त चमकदार असते. काडतूस भरायच्या बाजूच्या झडपेवर मोरपिसासारखा उजळ निळा असतो, जो अंगठा सतत घासल्याने सर्वांत आधी उडतो. सुरुवातीच्या काळातल्या हॅमर, लिव्हर आणि कुंद्याच्या पट्टीवर केस-हार्डनिंगचे, म्हणजे पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेतून उमटणारे, रंगीबेरंगी ढग असत. १८८६ मॉडेलवर तर पूर्ण रिसीव्हरच तशा रंगांचा असे आणि १९०१ पासून तो ब्लू झाला. १८९४ वर मात्र तसा रिसीव्हर फक्त खास मागणीवर मिळे.

म्हणून नळीपासून झडपेपर्यंत आणि स्क्रूंपर्यंत एकसारखा, काचेसारखा काळा रंग दिसला, तर रायफल पुन्हा ब्लू केलेली आहे. क्षारांच्या उकळत्या द्रावणातले आधुनिक ब्लूइंग विंचेस्टरने १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारले, त्याआधीच्या रायफलीवर ते असूच शकत नाही. जुन्या रिसीव्हरवर तसे ब्लूइंग दिले की काही वर्षांत जांभळट, पिकल्या जांभळासारखी छटा येते. याउलट रिसीव्हरवरचे मूळ ब्लूइंग खपल्यांनी उडालेले असते आणि खाली करडे पोलाद दिसते. दिसायला हे वाईट वाटले तरी अस्सलपणाचे ते चांगले लक्षण आहे.

पुन्हा ब्लू करण्याआधी पोलाद घासावेच लागते, आणि घासणे लपत नाही. रिसीव्हरची सपाट बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि पृष्ठभागावर पडलेली ट्यूबची रेघ पाहा. मूळ सपाटीवर ती फुटपट्टीने ओढल्यासारखी सरळ दिसते. चाकाखाली गेलेल्या बाजूवर ती स्क्रूंच्या छिद्रांजवळ आत वाकते, कारण कापडी चाक छिद्राच्या कडेचा धातू जास्त खाते आणि तिथे उथळ बशी तयार होते. त्याच उजेडात अष्टकोनी नळीच्या कडा पाहा. त्या बोटाला धारदार लागायला हव्यात आणि रिसीव्हरपासून तोंडापर्यंत सारख्या राहायला हव्यात. मी स्वतः इतर सगळ्या खुणांपेक्षा या ट्यूबच्या रेघेवर जास्त विश्वास ठेवतो.

लाकूड आणि धातू यांचा सांधा

कारखान्यात कुंदा आणि पुढचे लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवले जाई. टँगच्या कडेने बोट फिरवले की लाकडाचा बारीकसा काठ लागला पाहिजे. काठ न लागता लाकूड धातूच्या बरोबरीला किंवा खाली गेलेले असेल, तर कुंद्यावर पॉलिश पेपर फिरलेला आहे. कुंद्याच्या टोकाची पट्टी लाकडाच्या बाहेर आलेली असणे हेही त्याचेच चिन्ह. जुने मूळ फिनिश तांबूस, जागोजागी काळवंडलेले आणि बारीक तडकलेले असते. चकचकीत आधुनिक व्हार्निशला ही गुंतागुंत येत नाही.

उंची लाकडाच्या खास रायफलींना आणखी एक तपासणी आहे. त्यांच्या जुळणीच्या वेळी वरच्या टँगच्या डाव्या बाजूवर, कुंद्याच्या आतल्या खाचेत आणि कुंद्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एकच जुळणी क्रमांक मारला जाई. हा अनुक्रमांक नसतो, लहानसा वेगळा आकडा असतो. तिन्ही ठिकाणी तो जुळला तर कुंदा त्या रायफलीसाठीच बनला होता. पण त्यासाठी स्क्रू उघडावे लागतात, आणि जुने स्क्रू उघडणे जाणकाराच्या हातून आणि खाचेत अचूक बसणाऱ्या पात्यानेच व्हावे. विंचेस्टरच्या मूळ स्क्रूंच्या खाचा अगदी अरुंद असतात. रुंद, फाटलेल्या किंवा उलटलेल्या खाचा सांगतात की रायफल चुकीच्या स्क्रू-ड्रायव्हरने आधीच उघडली गेली आहे.

साईट आणि छिद्रे

वरच्या टँगवर साईट बसवण्यासाठी कारखान्यानेच केलेले छिद्र असते, त्यामुळे तिथला छिद्र बुजवणारा एक आंधळा स्क्रू पाहून घाबरू नये. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला किंवा वर नळीच्या सांध्याजवळ असलेली छिद्रे मात्र जुन्या रायफलीवर बहुतेकदा नंतर पीप साईट (बारीक छिद्रातून नेम धरायचे साधन) किंवा दुर्बीण लावण्यासाठी पाडलेली असतात. वेल्ड करून भरलेले छिद्र दिसत नसेल तर तेलाने पुसलेल्या पृष्ठभागावर तिरका उजेड टाका. भरलेल्या जागेचा रंग नाण्याएवढ्या वर्तुळात वेगळा उठतो.

झिजेची साक्ष

वापरलेल्या वस्तूची झीज हातांच्या सवयीप्रमाणे होते. एका हाताने रायफल उचलताना ती तोलाच्या जागी, रिसीव्हरच्या पोटाशी धरली जाते, म्हणून तिथले ब्लूइंग आधी जाते. कार्बाइनची कडी हलत राहते आणि रिसीव्हरच्या डाव्या बाजूवर अर्धचंद्राची पुसट चकाकती रेघ ओढते. कडी काढून टाकलेली असली तरी ही रेघ राहते, आणि कडी असूनही रेघ अजिबात नसेल तर कडी नवी बसवली असावी किंवा पृष्ठभाग घासला गेला असावा. लिव्हरची आतली बाजू, हॅमरचा अंगठा टेकायचा भाग आणि कुंद्याचा खालचा कोपरा यांची झीज एकमेकांशी प्रमाणात असावी. रिसीव्हर झिजलेला आणि नळी नवी, किंवा पोलाद तपकिरी आणि कुंदा निष्कलंक, असे आढळले की पुन्हा शिक्क्यांकडे वळा.

कारखान्याची नोंद

वायोमिंग राज्यातल्या कोडी गावी असलेल्या ‘बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट’ या संग्रहालयाच्या अभिलेखागारात विंचेस्टरच्या मूळ नोंदवह्या आहेत आणि शुल्क भरून तिथून पत्र मिळते. १८९४ साठी क्रमांक ३,५३,९९९ पर्यंत, १८९२ साठी ३,७९,९९९ पर्यंत आणि १८८६ साठी १,५६,५९९ पर्यंतच्या नोंदी उपलब्ध आहेत. म्हणजे १८९४ च्या बाबतीत ढोबळमानाने १९०७ पर्यंतच्या. पत्रात कॅलिबर, नळीचा आकार, ट्रिगरचा प्रकार, खास मागण्या, गोदामात आल्याची आणि रवाना झाल्याची तारीख मिळते आणि रायफल दुरुस्तीसाठी परत आली असेल तर त्याचीही नोंद असते. नळीची लांबी प्रमाणित असेल तर ती बहुधा लिहिलेली नसते, त्यामुळे पत्रात लांबीचा उल्लेख नसणे हेही माहिती देणारे असते. नोंदीत अष्टकोनी नळी आणि समोर गोल नळी असेल, तर पुढच्या चर्चेची गरज उरत नाही. मात्र पत्र फक्त त्या क्रमांकाची रायफल कशी निघाली ते सांगते. समोरचे लाकूड आणि झिलई त्याच दिवसाची आहेत की नाहीत, हे वरच्या पायऱ्यांनीच ठरवावे लागते.

१८७३ च्या ‘वन ऑफ वन थाउजंड’ या खास रायफलींच्या बाबतीत तर पत्राशिवाय बोलणेही करू नये. अचूक नेम देणाऱ्या निवडक नळ्यांच्या अशा रायफली सुमारे १३० च बनल्या आणि त्या नावाचे खोटे कोरीवकाम त्यानंतर अनेक वेळा झाले आहे.

क्रमांक नोंदींच्या पुढचा असेल, तर १९२० नंतरच्या बऱ्याच नळ्यांच्या खालच्या बाजूला, पुढच्या लाकडाच्या आत, वर्षाचे शेवटचे दोन आकडे मारलेले मिळतात. १९६४ मध्ये १८९४ च्या बांधणीत आणि झिलईत मोठे बदल झाले आणि अनुक्रमांक २७,००,००० पासून पुढे सुरू झाले, म्हणून त्या क्रमांकापुढची रायफल जुन्या बांधणीची म्हणून विकली जात असेल तर ती जागीच नाकारावी.

रायफल घेतल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त कोरड्या सुती कापडाने धूळ पुसा आणि धातूवर तेलाचा अगदी पातळ थर द्या. स्टील वूल, ब्रासो किंवा गंज काढणारे द्रव लावू नका, लाकडावर नवे पॉलिश चढवू नका. वर सांगितलेली प्रत्येक खूण तिरक्या उजेडात छायाचित्र काढून क्रमांकासह वहीत नोंदवा आणि कोडीहून आलेले पत्र त्याच वहीत ठेवा.